तिसऱ्या खणाची कमान

मंगळूरकडच्या नेल्लीबैलच्या कौलांच्या कारखान्यात मुत्तक्काला हळू बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. आमची शाळा कारखान्याच्या कुंपणाला लागून होती, मध्ये फक्त काजूची एक रांग. मी फळ्यावर भागाकार मांडत असायचो आणि पलीकडून कारखान्याच्या कारकुनाला, म्हणजे रायटरला, सुनावणारा तिचा आवाज यायचा, "अहो रायटर, माझ्या डोक्यावर कौलं आहेत, तुमच्या डोक्यावर होते तेवढे केसही गेले. मग वाट कोणी कोणाला द्यायची?" वर्गातली पोरं खिदळायची. त्यातल्या कित्येकांच्या आया त्याच रांगेत चुंबळीवर कौलं घेऊन उभ्या असायच्या, त्यामुळे पोरांना गप्प करण्यात मला काही अर्थ वाटत नसे.

ती बुटकी होती, पण मान अशी की उंच बायकांनी तिच्यामागून चालावं. वाळवणीच्या माळ्यावरून कच्ची कौलं भट्टीकडे न्यायची, भट्टीतून भाजलेली बाहेर अंगणात आणायची, हे तिचं काम. अंगणात उतरवताना प्रत्येक कौलावर बोटाच्या पेरानं टकटक करायची. खणखणीत वाजलं तर एकीकडे, बद्द वाजलं तर दुसरीकडे. माणसांनाही ती तसंच वाजवून बघायची. माझ्या बायकोनं नवी आल्या-आल्या तिला बांगड्याची आमटी वाढली आणि कशी झाली म्हणून विचारलं. मुत्तक्का म्हणाली, "चिंच जास्त, मीठ कमी, पण तुम्ही शिकाल." बायको दोन दिवस फुगून होती. मग शिकली.

खोटं बोलणं तिला जमतच नसे. तोंडात शब्द यायच्या आधी तिचा चेहरा बोलून मोकळा व्हायचा. हा तिचा गुण आहे असं आम्ही सगळेच मानत होतो.

तिच्या घरी ती, तिची मुलं आणि धाकटा भाऊ कांतप्पा. त्यांच्यात घर बाईचं. भावाचं लग्न झालं तरी तो बहिणीच्या घरचाच, त्याचं सुतक बहिणीच्या घराला, त्याचं पुण्य नि पापही तिथेच. कांतप्पा बहिणीच्या अगदी उलट. उंच, मितभाषी, हसला तरी आवाज नाही, नुसते खांदे हलायचे. त्याचं काम भट्टीवर. भट्टीला ओळीनं खण होते, प्रत्येकाला वर विटांची कमान. कौलं रचून खणाचं दार विटांनी चिणायचं, लाकडं पेटवायची, मग गार होऊ द्यायचं आणि दार फोडून कौलं काढायची. 'गार' म्हणजे बाहेरच्या माणसाला वाटेल तसं गार नव्हे. कांतप्पा आत जायचा तेव्हा अंगावर ओलं गोणपाट घ्यायचा, आणि बाहेर यायचा तेव्हा ते कोरडं असायचं.

दार फोडल्यावर कोणी लगेच आत पाऊल टाकत नसे. भट्टीचा म्होरक्या, त्याला गुरिकार म्हणायचे, बाहेरूनच हात लांब करून पहिलं कौल काढायचा. ते अंगणातल्या कल्लुर्टीच्या, म्हणजे आम्ही जिला दैव म्हणतो त्या ग्रामदेवीच्या, दगडापुढे उभं ठेवायचं आणि वर लोटाभर पाणी ओतायचं. चर्र आवाज होऊन वाफ उठायची. "प्याली," असं गुरिकार म्हणायचा. मग बाकीचे आत. कारखाना उभा राहिला तेव्हापासून हा नेम होता. कारखान्याचे धनी जगजीवन आळ्वा मोठे शिकलेले, पण कल्लुर्टीच्या बाबतीत तेही पायातल्या चपला काढून उभे राहायचे. कल्लुर्टीच्या वाटेला आमच्याकडे कोणीच जात नाही.

त्या दिवशी गुरिकार तापानं अंथरुणात होता. गोव्याला जायचे दोन ट्रक फाटकाशी उभे. रायटर कांतप्पाला म्हणाला, "आधी काढायला लाग, मग ठेव तुझं कौल. कल्लुर्टीला कुठे बस पकडायची आहे?" कांतप्पा क्षणभर दगडाकडे बघत राहिला आणि आत गेला. मुत्तक्का बाहेर रांगेत पहिली उभी होती. तिसऱ्या खणाची कमान अर्धी खाली आली, तो आवाज शाळेत ऐकू आला. मी पोरांना घरी सोडलं नाही. त्यांच्या आया तिथे होत्या, पोरं तिकडेच धावली असती.

तेरावं झाल्यावर धन्यांच्या पडवीत ज्योतिषानं कवड्या मांडल्या. एवढं मोठं अरिष्ट आलं म्हणजे प्रश्न लावायचाच, त्यात कोणाला वावगं वाटलं नाही. युनियनचे लोकही चटईवर बसले होते. ज्योतिषानं कवड्या हलवल्या आणि विचारलं, "पहिलं कौल ठेवलं होतं का?"

सगळे खाली बघायला लागले. रायटर खांबाला टेकून उभा होता, तो छताकडे बघत होता. आणि मुत्तक्का, रडून डोळे सुजलेली, म्हणाली, "नव्हतं."

"कोणी मोडला नेम?"

"आत तोच गेला."

बस्स. एवढंच. त्यानंतर कोणाला काही विचारायची गरज राहिली नाही. चूक कांतप्पाची ठरली. कल्लुर्टीनं आपलं घेतलं असं ठरलं. चुकीनं मेलेल्या माणसाच्या घरी काय द्यायचं असतं? धन्यांनी अंत्यविधीचा खर्च केला, हात जोडले, आणि दैवाचा कोप झालेली जागा म्हणून तिसरा खण कायमचा चिणून टाकला. मुत्तक्काच्या घरावर दंड बसला: दर वर्षी कोल्याला, म्हणजे दैव अंगात घेऊन नाचतात त्या दिवशी, एक लाल कोंबडा, एक नारळ आणि भावाच्या वतीनं माफी.

कांतप्पाची बायको वारिजा वर्ष व्हायच्या आत माहेरी निघून गेली. जाताना ती कोणाशी बोलली नाही. दैव ज्याच्यावर रागावलं त्याची बायको, म्हणून तिच्याशीही कोणी फारसं बोलत नव्हतं.

मुत्तक्कानं दंड कधी चुकवला नाही. पोराची फी राहिली, घराचं छप्पर गळलं, पण कोंबडा वेळेवर. शिवाय दर महिन्याच्या संक्रांतीला दगडापुढे पणती. त्या दिवशी तिच्या तोंडी कोणाला टोमणा नसे. आवाज मात्र कमी झाला नाही. मला वाटतं, तो कमी झाला असता तर ती मोडून पडली असती.

मग सिमेंटच्या स्लॅबची घरं आली. शेतातली माती काढायला बंदी आली, लाकूड मिळेना. एका पावसाळ्यात भट्टी विझली ती पुन्हा पेटलीच नाही. बायका विड्या वळायला बसल्या. बाप्ये मंगळूरला, मुंबईला गेले. कारखान्यात वटवाघळं राहायला आली. जगजीवन आळ्वा गेले, रायटर गेला, गुरिकार गेला. कोला बंद पडला, पण मुत्तक्का आपला कोंबडा घेऊन एकटीच जायची आणि दगडापुढे त्याच शब्दांत माफी मागून यायची. रानातून वाट तिनेच राखली होती, कोयत्यानं.

आळ्वांचा नातू, नाव निश्चित, परदेशातून परत आला तेव्हा ती वाट त्याच्या उपयोगी पडली. देखणा, नम्र मुलगा. आल्या आल्या त्यानं सगळ्या म्हाताऱ्यांच्या पाया पडून घेतलं. पडका कारखाना जपायचा, असं त्याच्या मनात होतं. लोक तो बघायला येतील, वाळवणीच्या माळ्यावर राहतील, प्रेसवर हातानं कौल काढून घरी नेतील. धुराडं पाडायला ठेकेदार टपले होते, त्यांना त्यानं हाकललं. आम्हाला बरं वाटलं. त्या धुराड्याकडे बघत आमची आयुष्यं गेली होती.

त्यानं मुत्तक्काला बोलावून घेतलं. नवी इस्त्रीची साडी नेसवून, डोक्यावर कौलं देऊन फोटो काढले. ती फोटोवाल्याला म्हणाली, "पोरा, एवढी कोरी साडी नेसून कौलं वाहिली असती तर रायटरनं मला नवरी समजून घरी पाठवलं असतं." तो फोटो आता कारखाना बघायच्या तिकिटावर आहे.

कामावर देखरेखीला मेघना नावाची वास्तुकार मुलगी होती, शिमोग्याची. उन्हातान्हात स्वतः शिडीवर चढायची, मजुरांबरोबर पेज प्यायची. मला ती आवडायची. तिनेच तिसरा खण उघडायला लावला. मजूर तयार होईनात, तेव्हा पहिली वीट तिनं स्वतः काढली. ज्या सकाळी तो उघडला, त्या सकाळी संक्रांत होती. मुत्तक्का पणती घेऊन आली होती आणि मी शाळेच्या जुन्या विहिरीकडे निघालो होतो. दार उघडलेलं बघून दोघंही थांबलो.

आत राडारोडा तसाच होता. कोणी उचलला नव्हता. मेघना कमानीच्या उरलेल्या भागाकडे टॉर्च धरून उभी होती.

"आज्जी, तुम्ही इथं काम केलंय ना? हे बघा. ही या बाजूची कमान पक्क्या भट्टीच्या विटांची आहे. आणि ही बाजू? ही नंतरची डागडुजी. साध्या घरबांधणीच्या विटा. एवढ्या तापाला त्या टिकत नाहीत. बघा, मेणासारख्या ओघळल्यात. ही पडणारच होती."

तिथे माणूस गेला होता हे तिला ठाऊक नव्हतं. आमच्यापैकी कोणी सांगितलंच नव्हतं.

मुत्तक्का त्या ओघळलेल्या विटांच्या जवळ गेली. मग तिनं विचारलं, "आत जायच्या आधी काही ठेवलं असतं तर?"

"ठेवलं म्हणजे?"

"काहीही. कौल. नारळ."

मेघना हसली, आणि मग मुत्तक्काचा चेहरा बघून थांबली. "आज्जी," ती हळू म्हणाली, "कमानीला ते कळत नाही."

मुत्तक्कानं हात पुढे करून एका विटेवर पेरानं टकटक केलं. "ह्या विटा धन्यांच्या नव्या घराच्या बांधकामातून उरलेल्या," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "कांतप्पा गेला त्याच्या आदल्या पावसाळ्यात आम्ही बायकांनीच वाहून आणल्या. मी म्हटलं होतं रायटरला, ह्या कुठे लावताय? तो म्हणाला, तुला गवंडीकाम कधीपासून येतं?" तिच्या हातातली पणती अजून लागलेली नव्हती. तशीच ती घरी घेऊन गेली.

दोन दिवसांनी माझ्या दारात आली. मास्तरांना आमच्याकडे मेष्ट्रे म्हणतात. "मेष्ट्रे, चला. वारिजेकडे जायचंय. एकटी गेले तर तिच्या फाटकातून परत येईन."

वारिजा मूडबिद्रीपलीकडे राहत होती. तिनं दुसरं लग्न केलं होतं, तो नवराही गेला होता, मुलं मुंबईच्या हॉटेलात. आम्ही गेलो तेव्हा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. आम्हाला ओळखायला तिला जराही वेळ लागला नाही.

"या वन्सं. तिथे नका बसू, पायरीला ओल आहे. मेष्ट्रे, तुम्ही खुर्चीवर बसा."

मुत्तक्का ओलीवरच बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. खण, विटा, मेघना. वारिजाचे हात थांबले नाहीत. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा. मुत्तक्काचं बोलणं संपलं तेव्हा ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"आदल्या दिवशी जेवताना बोलला होता. तिसऱ्याच्या कमानीतून खडे पडतात डोक्यावर. रायटरला सांगितलं तर तो म्हणाला, टोपी घाल."

"मग बोलली का नाहीस?"

आता वारिजानं मान वर केली. "प्रश्नाच्या दिवशी बोलणार होते, वन्सं. घरून निघताना मनात पक्कं करून आले होते. तुम्ही माझ्या आधी बोललात."

वारिजानं पुढचं पान उचललं.

"आणि नंतर घरी मी सांगितलं होतं तुम्हाला. आठवतं? चुलीपुढे. तुम्ही म्हणालात, वारिजे, दैवानं निकाल दिलाय, आता जिभेनं अजून काही ओढवून घेऊ नकोस. माझ्या पोटात होतं तेव्हा. ते राहिलं नाही. तेही तुम्ही म्हणालात, दैवानंच घेतलं."

अंगणात कोणाची तरी कोंबडी ओरडत होती. मुत्तक्का म्हणाली, "मग आता मी काय करू?"

"मला काय विचारता?" वारिजाच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "माझं झालं आता. मी त्याच्यासाठी कधी माफी मागितली नाही, कारण त्यानं काही केलंच नव्हतं. तुम्ही जिथे बोललात, तिथे जाऊन बोला. दैवापुढे, माणसांपुढे." मग उठून तिनं ताक आणलं. मीठ बरोबर होतं. आम्ही ते प्यायलो आणि निघालो.

कारखान्याच्या उद्घाटनाआधी निश्चितनं कल्लुर्टीचा मोठा कोला ठरवला होता. एवढ्या वर्षांनी. गावात आनंद होता. मुत्तक्का त्याला आधीच जाऊन भेटली आणि विटांचं सगळं सांगितलं.

"आज्जी, मला खरंच वाईट वाटतं," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. "पण आजोबा नाहीत, रायटर नाही. आता कोणाला विचारायचं?"

"दैव आहे ना."

दैवाला प्रश्न विचारायला आमच्याकडे कोणी कोणाला अडवू शकत नाही. त्यानं तिला नमस्कार केला. तिसऱ्या खणाच्या दाराशी कांतप्पाच्या नावाची एक पाटी लाव, असंही तिनं म्हणून पाहिलं. "बघू या," तो म्हणाला. "पण आज्जी, लोक सुट्टीला येणार. शेजारी कोणी मेलंय हे वाचून त्यांना झोप लागेल का?"

मंगळूरच्या पाहुण्यांच्या सोयीसाठी कोला संध्याकाळीच ठेवला होता. खुर्च्या, दिवे, आणि सगळं वेळेत उरकायला शहरातून आणलेला एक माणूस, कानात यंत्र घातलेला. दैवाचं रूप ऐतप्पानं घेतलं होतं. त्याचे वाडवडील इथलंच रूप घेत आले. तोंडाला पिवळा रंग, पाठीला नारळाच्या झावळ्यांचं ते मोठं प्रभामंडळ, पायात घुंगरू. अंगात आलं की दैव एकेकाला हाक मारून जवळ बोलावतं, सुपारीच्या फुलाचा प्रसाद देतं. आधी आळ्वांचं घराणं, मग गाव, मग भट्टीची माणसं, जी काही उरली होती ती. दंडवाले सगळ्यात शेवटी.

मुत्तक्का पुढे झाली. हातात काही नव्हतं.

"हात रिकामे का?" दैवानं विचारलं.

"आजपासून रिकामेच. अम्मा, मी विचारायला आलेय." तिचा आवाज कुंपणापलीकडे जाईल असा होता, जसा नेहमी असायचा. "तुझा भाऊ दगड घडवणारा होता. राजानं त्याचे हातपाय तोडले, तर तू त्या राजाचं राज्य जाळलंस. आम्ही सगळे तुला त्यासाठी भितो. माझा भाऊही असाच हातानं राबणारा, भट्टीतला. त्याच्यावर कच्ची कमान पडली, धन्यांच्या घरच्या उरलेल्या विटांची. त्यासाठी तू कोणाचं काय जाळलंस? माझ्याकडून कोंबडे घेत राहिलीस. सांग, चूक कोणाची होती?"

ऐतप्पाच्या हातातली तलवार थरथरत होती. ती थरथर दैवाची की त्याची, हे मी सांगू शकत नाही. त्याचा मुलगा निश्चितकडेच कामाला लागला आहे, हे मात्र सगळ्यांना माहीत होतं.

"माझ्या मायेत आला, डोळ्याआड झाला, तो माझाच आहे," दैव शेवटी म्हणालं. "त्याला मी सांभाळलंय. भूमी, धनी, प्रजा, तिघांनी एक होऊन नांदावं."

"मी ते विचारलं नाही. चूक कोणाची?"

सुपारीचं फूल पुढे आलं. मुत्तक्कानं हात उघडला नाही. फुलं तिच्या मनगटावरून खाली सांडली. लोकांच्या तोंडून "अगंबाई" निघून गेलं. मग ती वळली आणि माणसांकडे तोंड करून बोलू लागली, "ऐका, त्या दिवशी मी बोलले ते..." पण तेवढ्यात कानात यंत्र घातलेल्या माणसानं घड्याळ बघून वाजंत्र्यांना खूण केली, आणि ढोल सुरू झाले. तिचे ओठ हलत होते. ती शेवटपर्यंत बोलली. थांबली नाही, घाई केली नाही. बोलून झाल्यावर बाजूला झाली.

माझ्या मागच्या खुर्चीतल्या बाईनं शेजारणीला विचारलं, "काय म्हणत होती ती?"

"कोंबड्याचं काहीतरी," शेजारीण म्हणाली.

कारखाना सुरू झाला. छान केला आहे, हे मला मान्य करायला हवं. माळ्यावर खोल्या आहेत, प्रेस चालते, खेकड्याचा छाप असलेली जुनी कौलं काचेत ठेवली आहेत. प्रत्येक वस्तूपुढे पाटी. मेघनानं तिसऱ्या खणासाठी एक पाटी लिहून दिली होती असं तिनं मला फोनवर सांगितलं. ती लागली नाही. ती नंतर इकडे आली नाही.

तिसऱ्या खणाशी वाटाड्या थांबतो आणि आवाज खाली आणून पाहुण्यांना हिंदीत गोष्ट सांगतो. इथल्या कामगारांची श्रद्धा होती की पहिलं कौल देवीला द्यावं. एका कामगारानं घाईत ते दिलं नाही. आत पाऊल टाकताच देवीनं कमान पाडली. ही बघा ती कमान. पाहुणे शहारतात, फोटो काढतात. सगळ्या कारखान्यात लोकांना हीच गोष्ट सगळ्यात आवडते, असं निश्चितनं मला सांगितलं. ही गोष्ट त्यांनी रचलेली नाही. गावातल्या जुन्या लोकांच्या आठवणी गोळा करायला मुलं आली होती, तेव्हा घरोघरी लोकांनी हीच सांगितली, आणि आवडीनं सांगितली.

मुत्तक्काला हे कळलं तेव्हापासून ती तिथे जाऊन बसते. तिकिटावर तिचाच फोटो, त्यामुळे फाटकावर कोणी अडवत नाही. गोष्ट संपली की ती उठते आणि तुळूत सगळं सांगते. विटा, रायटर, टोपी. पाहुणे कौतुकानं ऐकतात. वाटाड्या हसून त्यांना सांगतो, "आज्जी आपको आशीर्वाद दे रही हैं." मग काहीजण तिच्या पाया पडतात.

मी एकदा ते ऐकलं आणि तिला सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "मेष्ट्रे, त्यांच्या भाषेत ते कसं म्हणायचं ते मला शिकवा. एवढंच, जास्त नाही."

जन्मभर शिकवलं, पण इतक्या चिकाटीचं पोर माझ्या वाट्याला आलं नव्हतं. विहिरीवर, भात निवडताना, चुलीपुढे ती तेच घोकायची. दात पडलेले, 'गलती'तला 'ग' तेवढा नीट निघायचा. शेवटी बसलं. "गलती मेरे भाई की नहीं थी. कमान कच्ची थी."

पुढच्या रविवारी मीही गेलो. वाटाड्याची गोष्ट संपली. मुत्तक्का उठली, पदर सारखा केला आणि स्पष्ट, मोठ्यानं म्हणाली. वाटाड्याचं तोंड उघडं राहिलं. गर्दीत एक बाई होती, चष्मा लावलेली, लहान मुलीचा हात धरून. ती पुढे आली. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं वाकून विचारलं, "कौन भाई, दादीजी? क्या हुआ था?"

मुत्तक्कानं तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. तिला प्रश्न कळला नव्हता. एवढंच शिकलेली. मी पुढे होईपर्यंत वाटाड्यानं हात वर करून सगळ्यांना प्रेसकडे वळवलं होतं. बाईही मुलीला घेऊन मागे वळत वळत निघाली, आणि मुत्तक्का तिच्या पाठीकडे बघत पुन्हा तेच म्हणाली.